घराची गरज, मुलीची हौस

या महिन्यात एका जुन्या जपानी चित्रपटाबद्दल लिहीत आहे. १९३६ साली तयार झालेला हा कृष्णधवल बोलपट आहे. लांबी जेमतेम सव्वा तास. दिग्दर्शक केन्जी मिझोगुची. मूळ नाव ‘नानिवा एलेजी’; जगभर तो ‘ओसाका एलेजी’ या नावाने ओळखला जातो. नानिवा हे ओसाका शहराचे जुने नाव आणि एलेजी म्हणजे शोकगीत. आपल्या घरांत मर्सिया हा शब्द सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून नावातला भाव वेगळा समजावून सांगायला नको. मात्र इथे शोक कोणाच्या मृत्यूचा नाही. एक मुलगी जिवंत असताना तिचे घर तिला कसे गमावून बसते, त्याचा हा शोक आहे.

चित्रपटाचा विषय ऐकून काही घरांत भुवया उंचावतील, म्हणून आधीच सांगते. एक नोकरदार तरुणी पैशासाठी एका विवाहित पुरुषाच्या आश्रयाला जाते, ही त्याची कथा. पण पडद्यावर ओंगळ असे काही नाही. दिग्दर्शकाला त्यात रस नाही. त्याचे लक्ष आहे घरातल्या हिशेबावर. कोणाला किती रुपये, म्हणजे तिथले येन, हवे होते. ते कोणी आणले. आणि शेवटी ते कोणाच्या नावावर मांडले गेले. हा हिशेब नीट पाहण्यासारखा आहे.

कथा अशी. आयाको मुराई ही ओसाकामधल्या असाई नावाच्या औषध कंपनीत टेलिफोन ऑपरेटर आहे. त्या काळी टेलिफोन जोडून देणे, टंकलेखन, दुकानात मालाची विक्री ही शहरातल्या मुलींना मिळणारी नवी कामे होती. जपानमध्ये १८९० साली टेलिफोन सेवा सुरू झाली, तेव्हापासूनच या कामावर मुली होत्या. आयाकोच्या घरात वडील आहेत, कॉलेजात शिकणारा भाऊ हिरोशी आहे आणि धाकटी बहीण साचिको आहे. आई कुठे दिसत नाही. वडिलांनी आपल्या कंपनीच्या पैशातून ३०० येन खाल्ले आहेत. ते भरले नाहीत तर तुरुंग ठरलेला. वसुलीवाला दारात येतो तेव्हा वडील तोंड लपवतात आणि उत्तरे मुलीला द्यावी लागतात.

आयाकोचे त्याच कचेरीतल्या निशिमुरा नावाच्या तरुणावर प्रेम आहे. लग्न करून आपला छोटासा संसार थाटावा एवढीच तिची इच्छा. ती त्याच्याकडे ३०० येन मागते. तो मान खाली घालतो. एवढे पैसे त्याच्याजवळ नाहीत आणि उभे करण्याची धमकही नाही. इकडे कंपनीचा मालक असाई कधीपासून तिच्यावर डोळा ठेवून आहे. घरी बायकोशी त्याचे पटत नाही आणि कचेरीतली तरुण मुलगी त्याला सोपी वाटते. आधी आयाको त्याला झिडकारते. पण वडिलांशी कडाक्याचे भांडण होते, ती घर सोडते आणि अखेर असाईचा देकार पत्करते. तो वडिलांचे पैसे भरतो. वडील वाचतात. मुलगी मात्र एका नव्या, झकपक फ्लॅटमध्ये मालकाची ठेवलेली बाई म्हणून राहू लागते.

पुढे हे प्रकरण असाईच्या बायकोला कळते. ती येऊन नवऱ्याला घरी घेऊन जाते. असाईला बायकोची बोलणी खावी लागतात, बस. त्याची कंपनी, त्याचे घर, त्याचे नाव, सगळे जागच्या जागी राहते. आयाकोला वाटते, बरे झाले, सुटलो. आता निशिमुराला सगळे खरे सांगावे आणि लग्न करावे. तेवढ्यात बहीण साचिको भेटते आणि नवी बातमी देते. हिरोशीची फी थकली आहे. २०० येन भरले नाहीत तर त्याचे शिक्षण वाया जाईल. वडिलांकडे दमडी नाही.

आयाको चिडते, नाही म्हणते. पण तिला राहवत नाही. असाईचा मित्र फुजिनो याचाही तिच्यावर डोळा असतो. त्याला भुलवून ती २०० येन काढते आणि घरी पाठवून देते. मग निशिमुराला बोलावते, काही न लपवता सांगते आणि लग्नाबद्दल विचारते. निशिमुरा गोठून जातो. तेवढ्यात फुजिनो आपले पैसे मागायला दारात हजर. ती त्याला हाकलून लावते, तो पोलिसांत जातो, आणि आयाको व निशिमुरा दोघांनाही चौकीत नेले जाते. तिथे निशिमुरा रडकुंडीला येऊन सांगतो की त्याला काहीच ठाऊक नव्हते, तिने त्याला फसवले. हे शब्द आयाकोच्या कानांवर पडतात. ज्याच्यासाठी एवढे सोसले, त्याने चार वाक्यांत हात झटकले.

पहिलाच गुन्हा म्हणून पोलीस समज देऊन तिला सोडतात आणि वडील तिला घरी आणतात. आता येतो चित्रपटातला सर्वात जड प्रसंग, आणि तो आहे साध्या जेवणाचा. मध्ये शेगडीवर भांडे, त्यात मांस आणि भाजी शिजते आहे, भोवती सगळे बसले आहेत. आयाको हसून बोलायचा प्रयत्न करते. कोणी तिच्याकडे बघत नाही. वर्तमानपत्रात बातमी छापून आली आहे. हिरोशी म्हणतो, अशा बहिणीमुळे आमची मान खाली गेली. बहीण म्हणते, मी शाळेत तोंड कसे दाखवू? हिरोशीला माहीत नाही की त्याची फी याच बहिणीने भरली. वडिलांना मात्र सगळे माहीत आहे. ३०० येन कुठून आले तेही आणि २०० येन कुठून आले तेही. ते गप्प बसून राहतात. एक वाक्य बोलले असते तरी पुरे होते. ते वाक्य येत नाही.

आयाको उठते आणि घराबाहेर पडते. रात्री नदीवरच्या पुलावर एक ओळखीचे डॉक्टर भेटतात. ती त्यांना विचारते की बिघडलेल्या मुलीच्या या आजारावर काही औषध आहे का. डॉक्टर म्हणतात, ते मलाही सांगता येणार नाही. औषधाच्या कंपनीत नोकरी केलेल्या मुलीने औषध मागावे आणि डॉक्टरांकडे ते नसावे! मग ती चालू लागते, थेट आपल्या दिशेने, मान ताठ ठेवून. तिचा चेहरा जवळ जवळ येत जातो आणि चित्रपट संपतो. ती पुढे कुठे गेली, तिचे काय झाले, काही सांगितलेले नाही.

आता तो हिशेब मांडू या. वडिलांना ३०० येन हवे होते, कारण त्यांनी अफरातफर केली होती. ती झाली घराची गरज. भावाला २०० येन हवे होते, कारण त्याचे शिक्षण राहिले होते. तीही घराची गरज. असाईला घराबाहेर सोबत हवी होती. ती झाली श्रीमंत पुरुषाची सवय, लोक हसून सोडून देतात. आणि आयाकोला काय हवे होते? आपल्या पसंतीच्या माणसाशी लग्न, एक लहानसे घर, थोडी मोकळी हवा. त्याला मात्र गरज असे नाव कोणी दिले नाही. ती ठरली हौस, चैन, बिघडणे. चार माणसांच्या इच्छा होत्या. दोघांच्या इच्छेला गरज म्हटले गेले, तिसऱ्याच्या इच्छेला सवय आणि चौथीच्या इच्छेला दोष. थांबा, साचिकोची इच्छा काय होती, हे तर मोजायचे राहिलेच. तीही कोणी विचारलेली नाही.

मला वाटते, या चित्रपटाचे सगळे सार इथे आहे. स्त्रीची इच्छा आणि समाज यांच्यावर बोलताना आपण बहुधा असे धरून चालतो की इच्छा एका बाजूला आणि घर दुसऱ्या बाजूला. मिझोगुची दाखवतो की घर स्वतःच इच्छांनी भरलेले असते. फक्त कोणाच्या इच्छेला कोणते नाव द्यायचे, हे आधीच ठरलेले असते.

त्या काळच्या जपानचा कायदाही हेच नाव लिहून ठेवत होता. १८९८ च्या नागरी कायद्याने कुटुंबप्रमुखाच्या हाती घराची सत्ता दिली होती. वारसा मोठ्या मुलाकडे जाई. लग्न झालेल्या स्त्रीला कर्ज घ्यायचे, मालमत्तेचा व्यवहार करायचा, तर नवऱ्याची संमती लागे. २५ वर्षांखालच्या मुलीला आईवडिलांच्या परवानगीशिवाय लग्न करता येत नसे. फौजदारी कायद्यात व्यभिचार हा विवाहित स्त्रीचा गुन्हा होता. नवऱ्याने बाहेर संबंध ठेवला आणि ती बाई दुसऱ्याची पत्नी नसली, तर त्याच्यावर गुन्हा होत नसे. म्हणजे असाईने जे केले त्याला कायद्यात शिक्षाच नव्हती. शाळांमधून मुलींना चांगली पत्नी आणि शहाणी आई व्हायला शिकवले जाई. ही शिकवण वाईट नाही, पण तिच्यात एक जागा रिकामी होती. पत्नी होण्याआधी आणि आई होण्याआधी ती मुलगी स्वतः कोण आहे, याचे उत्तर कुठल्या धड्यात नव्हते.

मिझोगुचीला हे कुठून कळले? त्याच्या स्वतःच्या घरातून. तो १८९८ साली टोकियोत जन्मला. वडिलांचा व्यवसाय बुडाला आणि घर गरिबीत गेले. त्याच्या थोरल्या बहिणीला, सुझुला, लहान वयात दुसऱ्यांच्या घरी दिले गेले आणि पुढे ती गेशाच्या व्यवसायात गेली. गेशा म्हणजे गाणे, नाच आणि बोलणे यांनी पुरुषांच्या मैफली सजवणारी स्त्री. गरीब घरातल्या मुली पैशाच्या बदल्यात या घरांना दिल्या जात. १९१५ मध्ये आई वारल्यावर याच बहिणीने धाकट्या भावांना आधार दिला आणि तिच्याच मदतीने केन्जी चित्रकला शिकला. म्हणजे हिरोशीची जागा दिग्दर्शकाने स्वतः अनुभवली होती. बहिणीच्या पैशावर उभा राहिलेला भाऊ तो स्वतःच होता. फरक एवढाच की त्याने ते झाकून ठेवले नाही. त्याने अशा बहिणींवर एकामागून एक चित्रपट काढले. याच वर्षी, १९३६ मध्ये, त्याने ‘गिओनच्या बहिणी’ हा क्योटोमधल्या दोन गेशा बहिणींवरचा चित्रपटही केला. त्यातल्या धाकटीचे नाव आहे ओमोचा. जपानीत त्याचा अर्थ खेळणे! या दोन चित्रपटांपासून आपल्याला आपली वाट सापडली, असे तो पुढे सांगत असे.

चित्रपट कसा काढला आहे तेही थोडे सांगते, म्हणजे पाहताना अडणार नाही. पटकथा योशिकाता योदा यांची. त्यांचे आणि मिझोगुचीचे हे पहिलेच काम. पुढे ही जोडी वर्षानुवर्षे टिकली. पात्रे ओसाकाच्या बोलीत बोलतात. पुस्तकी टोकियोच्या भाषेऐवजी घरातली, बाजारातली भाषा ऐकू येते, म्हणून वडिलांशी भांडणारी आयाको खरीखुरी वाटते. कॅमेरा बहुतेक वेळ दूर उभा राहतो. खिडकीतून, दारातून, जाळीच्या पलीकडून पाहावे तसे आपण या माणसांना पाहतो. आपण शेजारी आहोत आणि ऐकू येते आहे, पण मध्ये पडत नाही. म्हणूनच शेवटी तिचा चेहरा अगदी समोर येतो तेव्हा नजर चुकवता येत नाही.

आयाकोचे काम करणारी इसुझु यामादा तेव्हा अवघी १९ वर्षांची होती आणि ती मूळची ओसाकाचीच. पुढे १९५७ मध्ये अकिरा कुरोसावाच्या ‘थ्रोन ऑफ ब्लड’मध्ये तिने मॅकबेथच्या बायकोवर बेतलेली भूमिका केली आणि जगाने ती पाहिली. इथे ती कुठेही दयेची भीक मागत नाही. तिची आयाको फटकळ आहे, खोटे बोलते, सिगारेट ओढते, नव्या कपड्यांनी खूशही होते.

एक प्रसंग लक्षात ठेवा. असाई तिला बाहुल्यांच्या नाटकाला घेऊन जातो. बुनराकु नावाची ही कला ओसाकाचे भूषण मानली जाते. त्यात मुख्य बाहुलीला तीन माणसे मिळून हलवतात. एक डोके आणि उजवा हात, दुसरा डावा हात, तिसरा पाय. ती माणसे प्रेक्षकांना दिसत असतात, पण प्रेक्षक बघतात ते बाहुलीकडेच. आयाकोच्या बाबतीतही तेच होते. तिला हलवणारे हात सगळ्यांना दिसतात, आणि दोष बाहुलीला लागतो.

काही वाचक म्हणतील, आयाकोची चूक नव्हती काय? होती. विवाहित माणसाच्या आश्रयाला जाणे चूक, फुजिनोला फसवून पैसे घेणे चूक. असाईच्या बायकोचे दुःखही खरे आहे. दिग्दर्शक आयाकोला फरिश्ता करून दाखवत नाही, आणि आपणही करू नये. पण चूक मोजायची तर तराजू एकच हवा. अफरातफर करणाऱ्या बापाला घरात बसायला जागा आहे. फी कुठून आली हे न विचारणाऱ्या भावाला वर मान करून बोलायचा हक्क आहे. प्रेमाच्या शपथा घेऊन चौकीत पलटणाऱ्याला घरी जायची मोकळीक आहे. चूक सगळ्यांची, आणि शिक्षा एकटीला. याला न्याय म्हणत नाहीत.

शिक्षिका म्हणून मला भावाच्या फीचा प्रसंग सर्वात जास्त टोचतो. शिक्षणाने माणूस शहाणा होतो असे आम्ही वर्गात सांगतो. हिरोशी शिकला, पण आपले शिक्षण कोणाच्या जिवावर झाले, हा प्रश्न त्याला पडला नाही. आणि त्याला तो पडू दिला नाही तो वडिलांच्या गप्प राहण्याने. मुलांना खर्च सांगायला आपण संकोचतो. वाटते, त्यांच्या मनावर ओझे नको. पण घर कोणाच्या कष्टावर चालते हे मुलग्यांना माहीत नसेल, तर ते ओझे नाहीसे होत नाही. ते फक्त बहिणीच्या डोक्यावर जाते.

जपानमधले कायदे पुढे बदलले. युद्ध संपल्यावर, एप्रिल १९४६ च्या निवडणुकीत तिथल्या स्त्रियांनी पहिल्यांदा मतदान केले आणि ३९ स्त्रिया संसदेत निवडून आल्या. १९४७ मध्ये नवी राज्यघटना लागू झाली. तिच्या २४ व्या कलमात लग्न दोघांच्या संमतीने आणि पती-पत्नीच्या समान हक्कांवर उभे राहील असे लिहिले आहे. या कलमाचा मसुदा करण्यात बिएट सिरोटा या अवघ्या २२ वर्षांच्या तरुणीचा मोठा वाटा होता. तिचे बालपण जपानमध्येच गेले होते आणि तिथल्या बायकांचे जिणे तिने जवळून पाहिले होते. त्याच वर्षी व्यभिचाराचा तो एकतर्फी गुन्हाही कायद्यातून गेला. आयाको खरी असती, तर हे सगळे झाले तेव्हा ती तिशीच्या आसपास असती.

पण जेवणाच्या त्या प्रसंगासाठी कुठल्याच देशात कायदा करता येत नाही. मुलीने कमावलेला पैसा कोणाचा, तिच्या मनात काय आहे हे तिला कोणी विचारले का, आणि ती चुकली तर तिच्यासाठी ताट वाढले जाते का, हे घरातली माणसेच ठरवतात. डॉक्टरांकडे औषध नव्हते यात नवल नाही. औषध त्या शेगडीभोवती बसलेल्यांजवळ होते. वडिलांचे ते न बोललेले वाक्य हेच औषध होते: ‘हिरोशी, तुझी फी आयाकोने भरली.’

चित्रपट मिळाला तर घरातल्या मोठ्यांनी, कॉलेजात जाणाऱ्या मुला-मुलींना सोबत घेऊन पाहा. सव्वा तास लागेल. संपल्यावर मुलींना काही विचारू नका. आधी मुलग्यांना विचारा, हिरोशीच्या जागी तू असतास तर काय केले असतेस? आणि ते उत्तर देत असताना वडिलांनीही तिथेच बसून ऐकावे.